महजर, लोकल बोर्ड आणि जिल्हा परिषद : परगण्याच्या सभेचा मागोवा

ज्याच्या रुमालांत एखादा तरी महजर नाहीं असा कागदपत्रांचा संग्राहक महाराष्ट्रांत विरळाच. एकाखालीं एक चिकटविलेल्या बंदांची ती लांब गुंडाळी, माथ्याकडे ‘हाजीर मजालसी’ म्हणून नांवांची मालिका, मग वादी-प्रतिवादींची हकीकत, मग निवाडा, आणि जोडीस सह्या व निशाण्या, हें त्याचें रूप आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. आपण त्या कागदावरून वतनाची वंशावळ लावतों, सुहूर सन व शक यांचा मेळ घालतों, नवें नांव सांपडल्यास टिपून ठेवतों, आणि कागद पुन्हां रुमालांत बांधतों. माथ्यावरील नांवें मात्र बहुधा वाचून सोडून देतों. वस्तुतः ती नांवांची मालिका म्हणजे एका सभेचा हजेरीपट होय. ही सभा केवढ्या प्रदेशाची होती, तिचा अधिकार कोठून येत असे, ती मोडल्यावर तिची जागा कोणीं घेतली, हे प्रश्न त्या हजेरीपटांतूनच उद्भवतात. प्रस्तुत लेखांत आम्ही त्यांचा विचार करणार आहों.

आमचें म्हणणें आरंभींच सांगतों. इ. स. १८१८ पासून मराठी मुलखांतील स्थानिक सभांची मांडणी अनेक वेळां बदलली. कायद्यांचीं नांवें निराळीं, करणारांचे हेतु निराळे. परंतु वाद बहुतेक वेळां एकच होता. तो हा कीं, सत्ता खालीं उतरवावयाची तर कोठपर्यंत, जिल्ह्यापर्यंत कीं तालुक्यापर्यंत? एक अपवाद सोडला तर या वादांत तालुका हरत आला, आणि तो अपवादही पुढें टिकला नाहीं. परगणा व तालुका हे एक नव्हेत हें आम्ही जाणतों. त्यांच्या सीमा क्वचितच जुळतात. तथापि, माणूस सकाळीं घरून निघून सभेस जाऊं शकेल आणि तेथें जमलेल्यांपैकीं निम्म्यांस तोंडओळखीनें जाणेल, एवढा प्रदेश दोहोंचाही असतो. अशा प्रदेशाची सभा एकदां मोडली ती पुन्हां नीट उभी राहिली नाहीं. हें चांगलें झालें कीं वाईट याचा निर्णय ज्या कागदांवरून व्हावयाचा, त्यांच्याकडे आपलें लक्ष नाहीं, ही आमची खरी तक्रार आहे.

१. गोत व मजालस

गांवांत पाटील, कुलकर्णी, चौगुला, मिरासदार कुणबी व बारा बलुते. पेठेंत शेटे व महाजन. परगण्यांत देशमुख व देशपांडे. हीं सर्व मिळून गोत. गांवचा तंटा गांवच्या गोतानें तोडावा, तेथें न तुटल्यास परगण्याच्या मजालसींत न्यावा, आणि पक्षपाताचा संशय आल्यास दुसऱ्या ठिकाणचें थळ मागून घ्यावें, असा सामान्य क्रम होता. मजालसींत सरकारी अंमलदारही बसत. परंतु साक्ष गोताची, आणि परंपरा काय आहे हें सांगण्याचा अधिकारही गोताचाच. उभय पक्षांनीं प्रथम राजीनामा लिहून द्यावा, म्हणजे निवाडा मान्य करूं असें कबूल करावें. मग जामीनकतबे, तकरिरा, करीने, साक्षी व पुरसीस; प्रसंगीं दिव्य; आणि शेवटीं निवाडा. हरलेल्यानें यजितखत लिहून द्यावें. जिंकलेल्यानें सरकारांत हरकी भरावी व महजर घरीं न्यावा.

यांतील दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों. पहिली, या सभेची सत्ता कोणा राजानें खालीं सोडलेली नव्हती. निजामशाही जाऊन आदिलशाही आली, मोगल आले, स्वराज्य झालें. अंमलदार बदलले, गोत राहिलें. प्रत्येक नव्या सत्तेस सारा वसूल करावयाचा असे, आणि गांवची शीव कोठें व पाटीलकी कोणाची हें गोतावांचून कोणीं सांगावें? दुसरी गोष्ट, निवाड्याचा कागद कचेरींत न राहतां जिंकणाराच्या घरीं राही. म्हणूनच आज आपल्यास महजर मिळतात ते वाड्यांच्या माळ्यांवर व देवघरांतील पेट्यांत. ज्यास लिहितां येत नसे तोही आपल्या धंद्याच्या हत्यारानें सही करी. कुणब्याचा नांगर, शेट्याची तराजू, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी ह्या निशाण्या पाहिल्या म्हणजे सारा गांव त्या कागदावर उभा आहे असें वाटतें.

परंतु येथें आपण हुरळून जाऊं नये. ही सभा जन्मानें मिळालेल्या जागांची होती. ज्याचें वतन नाहीं, ज्याची मिरास नाहीं, त्या उपऱ्याचा शब्द तेथें हलका. महाराची निशाणी महजरावर उमटे. परंतु त्या निशाणीनें गांवांतील त्याची पायरी वर चढत नसे. देशमुखांनीं रयतेकडून मन मानेल तसें घ्यावें व हुडे-कोट बांधून बळावून बसावें, हें मोडण्यासाठीं शिवाजीमहाराजांनीं त्यांचे कोट पाडले आणि त्यांचा हक्क बांधून दिला, असें कृष्णाजी अनंत सभासद सांगतो. म्हणजे वरच्या सत्तेनें खालच्या सत्तेवर ठेवलेला हा अंकुश रयतेच्या हिताचाही असूं शके. परगण्याच्या सभेविषयीं ममत्व बाळगतांना हें विसरतां कामा नये.

पेशवाईंत मामलेदार, कमाविसदार व पुण्यांतील न्यायाधीश यांचें वजन वाढत गेलें. तरी निर्णय पंचांच्या मतें करावा हा मूळ पाया राहिला. त्यास खरा धक्का बसला तो दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत. मामलती इजाऱ्यानें दिल्या जाऊं लागल्या. इजारदारास मुदतीच्या आंत पैसा काढावयाचा, त्यास गोताशीं काय कर्तव्य?

२. पंचायत राहिली, मजालस गेली

इ. स. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली व दक्षिणेचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याजकडे आला. त्यानें १८१९ च्या आपल्या अहवालांत ग्रामसंस्थेचें व पंचायतीचें वर्णन केलें आहे, आणि पंचायत दोषयुक्त असली तरी ती राखावी असा त्याचा अभिप्राय होता. त्याच्या मागून आलेल्या चॅप्लिनचा १८२२ चा अहवालही या विषयाच्या अभ्यासकास टाळतां येत नाहीं. परंतु राखावी म्हटल्यानें संस्था राहत नाहीं. १८२७ च्या कायदेसंहितेनें अदालतींची रचना पक्की झाली. पंचायत ही पक्षकारांच्या संमतीनें करावयाची लवाद उरली. ज्या सभेच्या शब्दामागें वतन, मान व बहिष्कार यांचें बळ होतें, तिच्यांतून तें बळ काढून घेतल्यावर पदरमोड करून तेथें बसण्यास कोण येणार?

दुसरा घाव जमाबंदीनें घातला. १८३६ मध्यें इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांची मोजणी सुरूं झाली आणि ती पद्धति पुढें इलाखाभर गेली. शेतकऱ्याच्या प्रत्येक नंबराचा आकार सरकारशीं थेट ठरूं लागला. न्याय आहे कीं नाहीं हा प्रश्न वेगळा. परंतु गांवाच्या व परगण्याच्या एकत्र जबाबदारीचें कारणच उरलें नाहीं. देशमुख-देशपांड्यांस कामावांचून ठेवून त्यांच्या वतनांचा पैशांत निकाल लागत गेला, आणि शेवटीं १ मे १९५१ पासून परगणा व कुलकर्णी वतनें कायद्यानें रद्द झालीं.

याच काळांत कागदही स्थानांतर करूं लागले. पुण्याचें पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यांत गेलें. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास बळ मिळालें, आणि घरोघरच्या सनदा पुराव्यासाठीं बाहेर काढाव्या लागल्या. पूर्वीं हक्काचा पुरावा गोताच्या तोंडीं व वतनदाराच्या घरीं असे. आतां तो सरकारच्या दप्तरांत आहे कीं नाहीं यावर हक्क ठरूं लागला. सत्ता कोठून कोठें गेली हें यापेक्षां स्पष्ट कोणता कायदा सांगेल?

३. एक आण्याचा फंड व दोन मंडळें

नव्या स्थानिक संस्थांचा जन्म झाला तो न्यायासाठीं नव्हे, रस्ते, शाळा व दवाखाने यांच्या खर्चासाठीं. जमिनीच्या साऱ्यावर दर रुपयास एक आणा लोकल फंड १८६९ च्या कायद्यानें पक्का झाला. तो खर्चण्यास कमिट्या नेमल्या. त्यांवर कलेक्टराचें वर्चस्व. म्हणजे आरंभ पैशापासून झाला व पैसा जिल्ह्यास जमा झाला. पुढील सर्व इतिहासाचें बीज येथें आहे.

१८ मे १८८२ रोजीं लॉर्ड रिपन याच्या सरकारचा प्रसिद्ध ठराव निघाला. स्थानिक संस्था कारभार सुधारण्यापुरत्या नसून लोकांस राजकारणाचें शिक्षण देण्यासाठीं आहेत, हें त्यांतील तत्त्व सर्वश्रुत आहे. त्याच ठरावांतील दुसरें कलम मात्र फारसें कोणी आठवीत नाहीं. मंडळाचा प्रदेश फार मोठा नसावा. तालुका किंवा तहशील हीच त्याची मर्यादा असावी, म्हणजे सभासदांस त्या प्रदेशाची प्रत्यक्ष माहिती व आस्था राहील, असें त्यांत म्हटलें आहे. न कळत कां होईना, परगण्याच्या मजालशीचें तत्त्व येथें पुन्हां बोललें गेलें. मुंबई इलाख्यानें १८८४ च्या कायद्यानें जिल्हा व तालुका अशीं दोनही लोकल बोर्डें निर्मिलीं; परंतु तालुक्याचें बोर्ड जिल्ह्याच्या नियंत्रणाखालीं ठेविलें. सभासदांपैकीं कांहीं निवडलेले, कांहीं सरकारनियुक्त, आणि अध्यक्षपदीं बहुधा कलेक्टर किंवा प्रांताधिकारी.

१९०७ सालीं नेमलेल्या विकेंद्रीकरण कमिशनापुढें नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०८ मध्यें साक्ष दिली. तळाशीं ग्रामपंचायती, मध्यें तालुका मंडळें, आणि वर कलेक्टरास सल्ला देणारें जिल्ह्याचें मंडळ, अशी तीन पायऱ्यांची योजना त्यांनीं मांडली. पहिली पायरी १९२० च्या ग्रामपंचायत कायद्यानें उभी राहूं लागली व १९३३ च्या कायद्यानें तिचा विस्तार झाला. १९२३ च्या कायद्यानें लोकल बोर्डांत लोकनियुक्त सभासदांचें बळ वाढलें. परंतु मधली पायरी? १९३८ मध्यें तालुका लोकल बोर्डेंच रद्द झालीं व त्यांचा कारभार जिल्हा बोर्डाकडे गेला. चौपन्न वर्षें चाललेली संस्था मिटली, आणि तिच्यासाठीं फारसे अश्रु कोणीं ढाळल्याचें दिसत नाहीं.

४. अपवाद व त्याचा शेवट

आम्ही म्हटलेला अपवाद विदर्भाचा आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारनें १९४८ च्या कायद्यानें जिल्ह्याचीं जुनीं मंडळें बाजूस सारून तहशिलीच्या किंवा तालुक्याच्या प्रदेशासाठीं जनपद सभा स्थापिल्या. जिल्हा मोडून तालुका उभा करण्याचा असा प्रयोग मराठी मुलखांत दुसरा झाला नाहीं. त्यांतील कार्यकारी अधिकार सरकारी अधिकाऱ्याकडे राहिला हा त्याचा उणेपणा खरा. तरी सभा तालुक्याची होती.

१ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें तेव्हां तीन वारसे एकत्र आले : पश्चिम महाराष्ट्रांत जिल्हा लोकल बोर्डें, विदर्भांत जनपद सभा, आणि मराठवाड्यांत हैदराबाद राज्याच्या कायद्यानें चालणारीं जिल्हा मंडळें. हीं एका सूत्रांत बांधणें अवश्य होतें. त्यापूर्वीं १९५७ सालीं बलवंतराय मेहता समितीनें, मुख्य सत्ता विकासगटाच्या पंचायत समितीकडे द्यावी व जिल्ह्याकडे देखरेख ठेवावी, अशी शिफारस केली होती. म्हणजे रिपनचाच मुद्दा पाऊणशें वर्षांनीं पुन्हां आला. महाराष्ट्रानें वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालीं १९६० सालीं आपली समिति नेमली. तिनें १९६१ च्या मार्च महिन्यांत अहवाल देऊन उलट मार्ग धरला. योजना आंखण्यास, तज्ज्ञ नोकर ठेवण्यास व पैसा उभारण्यास जिल्हा हाच पुरेसा मोठा घटक आहे, असें तिचें मत पडलें. त्याप्रमाणें कायदा होऊन १ मे १९६२ पासून पंचवीस जिल्हा परिषदा कामास लागल्या. कलेक्टर परिषदेबाहेर ठेवला, विकासाचीं खातीं परिषदेकडे दिलीं, आणि पंचायत समिति तालुक्याच्या ठिकाणीं, पण मुख्यतः परिषदेच्या योजना राबविणारी म्हणून राहिली. जनपद सभा संपल्या.

नाईक समितीची बाजू दुबळी नव्हती. एका तालुक्यास इंजिनियर, डॉक्टर व शिक्षणाधिकारी पोसणें जड. श्रीमंत तालुक्यांतील पैसा उपाशी तालुक्यास पोंचविणारा कोणी वर असावाच लागतो. देशमुखांच्या घराण्यांचा तालुक्यांतील दाब लक्षांत घेतां, मोठ्या प्रदेशाची सभा दुर्बळास अधिक सुरक्षित, असेंही कोणी म्हणूं शकेल. शिवकालाच्या अनुभवावरून आम्हांस हा मुद्दा खोडून काढतां येत नाहीं. त्याबरोबर हेंही खरें कीं, जिल्हा परिषदेचें मुख्य ठिकाण दूरच्या गांवाहून एका दिवसांत जाऊन-येऊन होत नाहीं, आणि तेथें बसणाऱ्यास आपल्या गांवची शीव ठाऊक नसते. लाभ व हानि दोन्ही प्रत्यक्ष आहेत.

५. देणाराचा हात

राज्यघटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलांत आली. ग्रामसभेस घटनेंत स्थान मिळालें, पांच वर्षांची मुदत ठरली, अनुसूचित जाति-जमाति व स्त्रिया यांस राखीव जागा मिळाल्या. महाराष्ट्रांत स्त्रियांचें प्रमाण २०११ पासून निम्में झालें. ज्या महाराची निशाणी महजराच्या शेवटीं उमटे, त्याच्या वंशजास आतां सरपंचाच्या जागीं बसून ठरावावर पहिली सही करण्याचा अधिकार आहे. गोतसभा कितीही प्रिय असली तरी हा अधिकार तिनें दिला नसता, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों.

परंतु गोतसभेचा एक गुण नव्या सभेस लाभला नाहीं. देशमुख वारला तर त्याचा मुलगा बसे. मजालस रिकामी अशी कधीं पडत नसे. निवडलेल्या सभेची मुदत संपते आणि निवडणूक न झाल्यास खुर्च्या रिकाम्या राहतात. मार्च २०२२ मध्यें राज्यांतील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली. राखीव जागांचा वाद न्यायालयांत असल्यामुळें निवडणुका लांबल्या व कारभार प्रशासकांकडे गेला. ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निवडणुका घेण्याविषयीं आदेश दिला, तोंवर तीन वर्षें उलटलीं होतीं. कायद्यानें खालीं उतरविलेली सत्ता कायद्याच्या वादांत अडकते, हा त्याचा अर्थ. जन्मानें आलेली सभा मोडतां येत नाहीं पण सुधारतांही येत नाहीं. कायद्यानें आलेली सभा सुधारतां येते पण तितक्याच सहज थांबवितांही येते. या दोहोंमधील मार्ग शोधणें हें राज्यकर्त्यांचें काम आहे. त्यांस लागणारा पुरावा राखणें हें आपलें.

६. संग्राहकांस विनंति

आपलें संग्राहकांचें डोळे बहुधा १८१८ पाशीं थांबतात. मोडी नसेल, शिक्का नसेल, तर कागद जुना वाटत नाहीं. त्यामुळें महजर आपण जपतों, आणि १८८४ ते १९३८ या काळांतील तालुका लोकल बोर्डाचें कामकाजाचें पुस्तक समोर आलें तरी तें रद्दी समजतों. विचार करा : महजराचा वारस घरांत असे म्हणून महजर वांचला. मिटलेल्या बोर्डाचा वारस कोण? तालुका बोर्ड गेलें, मग जिल्हा बोर्ड गेलें, जनपद सभा गेल्या. प्रत्येक पुनर्रचनेंत इमारती, नोकर व देणें-घेणें यांचा वारस कायदा ठरवितो, परंतु ठरावाच्या पुस्तकावर माया करणारा वारस कायद्यानें निर्माण होत नाहीं. कोणत्या तालुक्यानें विहीर मागितली, कोणत्या सभासदानें अस्पृश्यांच्या मुलांस शाळेंत घेण्याचा प्रश्न काढला, त्यावर कोणीं विरोध केला, हें त्या पुस्तकांवांचून दुसरीकडे क्वचितच मिळेल. तालुका हरला तो हरण्यास योग्य होता कीं नाहीं, याची साक्ष तेथेंच आहे.

म्हणून आमची विनंति अशी. जुन्या वाड्यांत कागद पाहावयास जातां तेव्हां रुमालांबरोबर छापील मथळ्यांचीं पुस्तकें, पत्रव्यवहाराच्या फाईली, निवडणुकीच्या याद्या, सभेच्या नोटिसा यांकडेही पाहावें. ज्या घरांतील कोणी बोर्डाचा किंवा जनपद सभेचा सभासद होता, तेथें हे कागद असण्याचा संभव आहे. त्यांची नोंद करावी, मालकाची परवानगी घेऊन प्रतिमा काढाव्या, आणि मूळ कागद त्या तालुक्यांतच राहतील अशी खटपट करावी. सारेंच पुण्यास किंवा मुंबईस आणण्याची घाई नको. सत्ता खालीं उतरावी असें म्हणणाऱ्यांनीं निदान दप्तर तरी वर चढूं देऊं नये. महजराच्या माथ्यावरील हजेरीपट आपण तीन-तीनशें वर्षांनीं वाचतों, कारण कोणा एका घरानें तो पेटींत ठेवला. पुढील वाचकांसाठीं या सभांचे हजेरीपट कोण ठेवणार, एवढाच प्रश्न आहे.